वाट पाहिल्याचे पैसे

हक्क आणि हिशेब : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या पत्रांपैकी तीन पत्रं गाडी किंवा सायकल चालवून घर चालवणाऱ्यांची आहेत. पश्चिम लंडनमधल्या हौन्स्लोच्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातली मुदत संपत आली आहे आणि तशाच मुदती आणखी कितीतरी घरांत कुणाच्या लक्षात न येता संपत असतील.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा. ऑगस्ट 2016 पासून पश्चिम लंडनमधल्या एका मिनीकॅब कंपनीच्या ॲपवर गाडी चालवत होतो. गाडी कंपनीची, भाडं आठवड्याला 230 पौंड, इन्शुरन्स त्यातच. पेट्रोल माझं. आठवड्याचे सहा दिवस, रोज साधारण नऊ तास लॉग इन असायचो आणि त्यातले तीन तास तरी नुसती वाट बघण्यात जायचे. 2022 मध्ये वडील गेले, तेव्हा पाच आठवडे गावी होतो. एक पेनी मिळाली नाही, उलट गाडीचं भाडं चालूच राहिलं. कंबर धरायला लागली म्हणून 6 नोव्हेंबर 2025 ला काम सोडलं. उबरच्या ड्रायव्हरांना कोर्टाने न्याय दिला असं ऐकतो. आमचा मालक म्हणतो, आम्ही उबर नाही, तू सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून सही केली आहेस. सही केली हे खरं आहे. टॅक्सही तसाच भरला. मागचे पैसे मागता येतील का? बायको म्हणते, जाऊ द्या आता. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे फक्त वह्या आहेत. तीन पानांचे फोटो सोबत जोडतो. (नाव छापू नये.)

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी एक तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा : 5 फेब्रुवारी 2026. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या कोर्टाकडे, जायची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी असते. तुमचे शेवटचे पैसे खात्यात कधी जमा झाले त्यावरून ती थोडी पुढे सरकू शकेल, पण तो वाद ओढवून घेऊ नका. काम सोडलं त्या दिवसापासून मोजा. ही मुदत सहा महिन्यांची करायचं 2025 च्या नव्या कायद्यात ठरलं आहे, पण तुम्ही काम सोडलं तेव्हा ते लागू नव्हतं, त्यामुळे तुम्हाला तीनच महिने. त्या तारखेच्या आत एकॅसकडे (मालक आणि कामगार यांच्यात समेट घडवणारी सरकारी संस्था) अर्ली कन्सिलिएशनचा, म्हणजे दाव्याआधीच्या समेटाचा, अर्ज गेला पाहिजे. तो ऑनलाइन करता येतो, फोनवरही होतो, पैसे पडत नाहीत. अर्ज गेला की मुदतीचं घड्याळ थांबतं. समेट झाला नाही तर एकॅस एक प्रमाणपत्र देतं आणि ते हातात आल्यावर ट्रायब्युनलमध्ये दावा दाखल करायचा. तिथेही फी नाही. पूर्वी होती, ती 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने युनिसन या युनियनच्या दाव्यात बेकायदा ठरवली. मला हे पहिल्यांदा सांगावंसं वाटलं, कारण आमच्या सल्ला केंद्रात मंगळवारी येणाऱ्या लोकांपैकी कितीतरी जणांचा हक्क पक्का असतो आणि तारीख गेलेली असते. त्यांना परत पाठवताना मला फार वाईट वाटतं.

आता सहीचं. तुमच्यासारखीच सही यासीन अस्लम आणि जेम्स फॅरार यांनीही केली होती. त्या दोघांनी उबरविरुद्ध दावा लावला. ऑक्टोबर 2016 मध्ये ट्रायब्युनलने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उबर अपील करत गेली, 2017 मध्ये हरली, 2018 मध्ये हरली आणि 19 फेब्रुवारी 2021 ला सुप्रीम कोर्टातही हरली. तिथे सगळ्या न्यायाधीशांचं एकमत होतं. निकालपत्र लॉर्ड लेगॅट यांनी लिहिलं आहे आणि त्यातला जो मुद्दा मी प्रत्येकाला समजावून सांगते तो असा : किमान वेतनाचा कायदा झालाच मुळी ज्याच्या हातात अटी ठरवायची ताकद नसते त्याच्यासाठी. मग अटी ठरवणाऱ्यानेच लिहिलेल्या कागदावरून त्या माणसाचा हक्क काढून घेता येणार नाही. कागदावर काय आहे ते नंतर बघायचं. आधी बघायचं ते रोज प्रत्यक्षात काय चालतं.

म्हणून रात्री निवांत बसा आणि या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. भाडं कोण ठरवायचं? प्रवाशाकडून दोन पौंड जास्त घ्यायची मुभा तुम्हाला होती का? कराराच्या अटींत एक शब्द तरी तुम्ही बदलू शकला असता का? लागोपाठ जॉब नाकारले तर काय व्हायचं? ॲप बंद व्हायचं की फोन यायचा? रेटिंग खाली गेलं तर कोण बोलायचं? प्रवाशाशी परस्पर ओळख ठेवायला, पुढच्या वेळी थेट बोलवा असं सांगायला परवानगी होती का? उबरच्या निकालात कोर्टाने नेमकं हेच तपासलं आहे. तुमच्या पत्रात दुसऱ्या पानावर एक ओळ आहे : ‘दोन जॉब सोडले की कंट्रोलरचा फोन यायचा आणि मग दुपारपर्यंत काही मिळायचं नाही.’ तुमच्यासाठी ही ओळ फार मोलाची आहे. तारखा आठवत असतील तर त्यांच्यासकट लिहा.

मालक म्हणतो ‘आम्ही उबर नाही.’ ॲडिसन ली ही मिनीकॅब कंपनी पण उबर नव्हती, तिच्या ड्रायव्हरांना ट्रायब्युनलने 2017 मध्येच वर्कर ठरवलं. बोल्ट या टॅक्सी ॲपच्या ड्रायव्हरांना नोव्हेंबर 2024 मध्ये. कंपनी लहान की मोठी याला काही अर्थ नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या देशात नोकरीच्या कायद्याचे तीन खण आहेत. एका टोकाला एम्प्लॉयी, दुसऱ्या टोकाला स्वतःचा धंदा करणारा आणि मध्ये वर्कर. तुम्ही मधल्या खणात बसता असं मला तुमच्या पत्रावरून दिसतं. वर्करला किमान वेतन मिळतं, भरपगारी रजा मिळते, बेकायदा कपातीविरुद्ध दाद मागता येते. अन्यायाने काढून टाकल्याची भरपाई किंवा रिडंडन्सीचे (कामच उरलं नाही म्हणून नोकरी गेल्याचे) पैसे मात्र मिळत नाहीत, त्यामुळे ते दाव्यात घालू नका. आणि टॅक्सची भीती मनातून काढून टाका. वर्कर हा प्रकार टॅक्सच्या कायद्यात नाहीच. तिथे सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून रिटर्न भरलेला माणूस नोकरीच्या कायद्यात वर्कर असू शकतो. यासीन अस्लम यांच्यासारखे हजारो जण तसेच होते.

आता तुमच्या वह्यांकडे येते. चौकटीच्या कागदाची वही, निळ्या शाईत आकडे, एका पानाच्या कोपऱ्यावर चहाचा गोल डाग. पहिल्या पानावर लिहिलंय : ‘11 नोव्हेंबर 2024, सोम. 5.40 ऑन. 6.25 जॉब, फेल्टम ते पॅडिंग्टन. 7.35 मोकळा. 7.35 ते 8.20 थांबलो.’ आणि शेवटी ‘14.40 ऑफ.’ प्रत्येक दिवशी ‘थांबलो’चा असा वेगळा हिशेब आहे. भाऊ, ‘फक्त वह्या आहेत’ असं पुन्हा कुणाला म्हणू नका.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत नऊ वर्षं बदली कामगार होते. सकाळी पावणेसातला बदलीचं कार्ड घेऊन दरवाज्यावर उभं राहायचं. कुणी कायमचा माणूस गैरहजर असेल तर आत नाव पुकारलं जायचं, नाहीतर आठ वाजता घरी परत. ती सकाळ मस्टरवर चढायचीच नाही. आई डबा भरून द्यायची आणि कितीतरी दिवस तो तसाच भरलेला परत यायचा. दरवाज्यावरचे ते तास गिरणीने कधी मोजले नाहीत आणि आम्हीही मोजले नाहीत, कारण ते मागता येतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे मी इथे बावीस वर्षं पगारपत्रकं तयार केली आणि तास मोजणं हेच माझं काम झालं. तुमचा ‘थांबलो’ हा शब्द वाचला आणि वडील डोळ्यांसमोर उभे राहिले.

तर 11 नोव्हेंबरचा तो आठवडा मांडून बघू. तुमच्याच वहीतले आकडे आहेत. कमिशन कापून हातात आले 752 पौंड. त्यातून गाडीभाडं 230 आणि पेट्रोल 96 वजा केलं की उरतात 426. हा खर्च वजा करायलाच हवा. कामासाठी खिशातून गेलेला पैसा किमान वेतनाच्या हिशेबात पगार धरला जात नाही. डेटा कार्स नावाच्या मिनीकॅब कंपनीच्या ड्रायव्हरच्या खटल्यात 2021 मध्ये अपील ट्रायब्युनलने गाडीच्या भाड्याबद्दल हेच सांगितलं. ड्रायव्हरला स्वतःची गाडी आणायची मोकळीक होती म्हणून भाडं धरायचं नाही, हा कंपनीचा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

आता 426 ला भागायचं कशाने? प्रत्यक्ष जॉबवरचे, म्हणजे जॉब स्वीकारल्यापासून प्रवाशाला सोडेपर्यंतचे तास त्या आठवड्यात 36 होते. 426 भागिले 36, म्हणजे तासाला 11.83. त्या वर्षी किमान वेतन 11.44 होतं. कंपनी हा आकडा पुढे करेल आणि म्हणेल, बघा, आम्ही जास्तच दिले. पण तुम्ही लॉग इन होतात 54 तास. 426 भागिले 54 केलं की हाती येतात तासाला 7 पौंड 89 पेन्स. 54 तासांचे 11.44 प्रमाणे व्हायला हवे होते 617.76. त्या एका आठवड्यात 191.76 पौंड कमी मिळाले. शिवाय थकलेलं किमान वेतन आजच्या दराने चढवून द्यावं लागतं. एप्रिल 2025 ते मार्च 2026 चा 12.21 चा दर धरला तर तेच 204.67 होतात.

सगळं भांडण वाट पाहण्यातल्या त्या अठरा तासांचं (54 वजा 36) आहे. सुप्रीम कोर्टासमोरही तो प्रश्न होता आणि उत्तर स्वच्छ आहे : ड्रायव्हर आपल्या परवान्याच्या हद्दीत असेल, ॲप चालू असेल आणि जॉब घ्यायला तो तयार असेल, तर तो कामावर आहे. निकालानंतर महिनाभराने, मार्च 2021 मध्ये, उबरने सत्तर हजारांवर ड्रायव्हरांना वर्कर मानायचं जाहीर केलं, पण किमान वेतन मोजायचं ठरवलं ते जॉब स्वीकारल्यापासून. मधल्या वाट पाहण्याचे पैसे त्यात नव्हते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. हीथ्रोच्या तळावर हीटर बंद करून, पेट्रोल वाचवत, स्वेटरवर जाकीट चढवून बसलेला माणूस कुणासाठी बसलेला असतो? प्रवाशाला बटण दाबल्यावर पाच मिनिटांत गाडी मिळते ती तो तिथे बसलेला असतो म्हणूनच.

फक्त एक विचारते आणि खरं उत्तर द्या. त्या वेळी दुसऱ्या कंपनीचंही ॲप चालू असायचं का? एकाच वेळी दोन-तीन ॲप चालू ठेवणाऱ्याचे तास कोणाच्या खात्यावर धरायचे, हे कोर्टाने त्या-त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर सोडलं आहे. तुमच्या पत्रावरून एकच ॲप होतं असं दिसतं. तसं असेल तर ते दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

वहीशिवाय आणखी दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. किमान वेतन दिलं हे सिद्ध करायची जबाबदारी 1998 च्या कायद्याने मालकावर टाकली आहे. तास नोंदवून ठेवणं त्याचं काम होतं. दुसरं, तुमच्याबद्दलची ॲपमधली सगळी माहिती (लॉग इन, लॉग ऑफ, नाकारलेले जॉब, रेटिंग) मागायचा तुम्हाला डेटा संरक्षण कायद्याने हक्क आहे. साधा ईमेल पुरतो आणि साधारणपणे महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. तो ईमेल आज रात्रीच पाठवा.

किती मागे जाता येईल? ट्रायब्युनलमध्ये पगाराच्या कपातीसाठी दावा दाखल केल्यापासून मागे दोन वर्षं. त्याआधीचं किमान वेतन हवं असेल तर काउंटी कोर्टात सहा वर्षांपर्यंत जाता येतं, पण तिथे फी आहे. तिसरा रस्ता एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, तक्रार करायचा. तेही सहा वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतात आणि त्याला खर्च नाही, पण किती वेळ लागेल ते तुमच्या हातात नाही. मी तुमच्या जागी असते तर ट्रायब्युनल धरून ठेवलं असतं.

आणि रजेचा पैसा कमी समजू नका, कदाचित तोच मोठा निघेल. पिमलिको प्लंबर्स या कंपनीचे प्लंबर गॅरी स्मिथ यांनी वर्षानुवर्षं बिनपगारी रजा घेतली, कारण कंपनी म्हणायची तुम्हाला हक्कच नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की मालकाने हक्कच नाकारला असेल तर ती रजा बुडत नाही, साठत जाते आणि काम सोडताना तिचे सगळे पैसे मागता येतात. हे दर वर्षाच्या रजेतल्या पहिल्या चार आठवड्यांना लागू आहे, कायद्याच्या पूर्ण 5.6 आठवड्यांना नाही. तुमची सव्वानऊ वर्षं झाली, म्हणजे जवळपास 37 आठवडे. वडिलांच्या वेळची रजाही त्यातच येते. ते दिवस तुम्ही हिशेबासाठी घेतले नव्हते, हे मला समजतं. तरीही ते लिहा. एका आठवड्याचा पगार मागच्या 52 कामाच्या आठवड्यांच्या सरासरीवरून काढतात. त्या आकड्यावर कंपनी हुज्जत घालेल, म्हणून बँकेची स्टेटमेंट आताच काढून ठेवा.

वकील ‘जिंकलो तरच फी’ म्हणाला तर किती टक्के ते आधी विचारा. ट्रायब्युनलच्या दाव्यात असा वाटा कायद्याने 35 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. जीएमबी युनियन किंवा जवळच्या लॉ सेंटरला आधी भेटा. कंपनीकडून मध्येच दीड-दोन हजारांचा देकार येईल आणि ‘सगळे दावे मिटले’ अशा कागदावर सही मागतील. तो कागद घरी आणा, कुणाला तरी दाखवा, मग ठरवा. वहिनींना वरची बेरीज दाखवा. त्यांना ‘जाऊ द्या’ म्हणावंसं वाटणं साहजिक आहे, कारण रक्कम किती आहे ते आजवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

प्रश्न : मी लेस्टरला शिकतो आणि संध्याकाळी सायकलवरून जेवण पोचवतो. मलाही हे लागू होतं का?

उत्तर : तुझा करार आणि तुझं रोजचं काम बघावं लागेल. जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या रायडरांचा दावा नोव्हेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. तो सामूहिक वाटाघाटींच्या, म्हणजे युनियनने सगळ्यांच्या वतीने बोलणी करायच्या, हक्काचा होता आणि हरण्याचं मोठं कारण हे होतं की रायडर आपल्याऐवजी दुसऱ्या कुणालाही पाठवू शकत होते, कंपनी हरकत घेत नव्हती. तुला खरोखर कुणालाही पाठवता येतं का, की ती नुसती करारातली ओळ आहे आणि पाठवलं तर खातं बंद होईल? याचं उत्तर मला कळव. आणि बाळा, स्टुडंट व्हिसावर असशील तर आधी कॉलेजच्या व्हिसा सल्लागाराशी बोल. विद्यार्थ्याला स्वतःचा धंदा करायची परवानगी नसते, त्यामुळे कंपनी तुला सेल्फ-एम्प्लॉइड म्हणत असेल तर तुझ्यापुढचा पहिला धोका पैशांचा नाही, व्हिसाचा आहे.

प्रश्न : मॅडम, मी चिंचवडहून लिहिते. माझी नणंद लंडनला असते, ती तुमचा अंक पाठवते. माझा धाकटा भाऊ स्वतःची गाडी कर्ज काढून घेऊन ॲपवर चालवतो. दिवसाचे चौदा तास बाहेर असतो. लंडनच्या निकालाचा त्याला काही उपयोग होईल का?

उत्तर : ताई, सरळ उपयोग नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. इंग्लंडचा निकाल भारतातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, आणि त्याहून मोठी अडचण अशी की मी वर सांगितलेला मधला खण तिकडच्या कायद्यात नाही. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा आला, पण व्याख्याच अशी आहे की नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा तो गिग कामगार. म्हणजे किमान वेतन नाही, वाट पाहिल्याचे पैसे नाहीत, मागची थकबाकी नाही. व्याख्येतच दार बंद करून ठेवलं आहे, याचं मला मनापासून दुःख आहे.

जे मिळू शकतं ते असं. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम (गिग कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत) सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायची आहे. त्यातून अपघात, आजारपण, म्हातारपण यांच्या योजना व्हायच्या आहेत. त्या मिळायच्या तर भावाचं नाव केंद्राच्या ई-श्रम या कामगार नोंदणीच्या पोर्टलवर हवं. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन बसलं की नोंदणी होते. केंद्राने जुलै 2025 मध्ये ॲपवरच्या गाड्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचे किमान 80 टक्के मिळावेत आणि त्याचा पाच लाखांचा आरोग्य विमा, दहा लाखांचा टर्म विमा असावा असं आहे. अंमलबजावणी राज्यांच्या हातात असते, म्हणून भावाने आपल्या कंपनीला विम्याच्या पॉलिसीचा नंबर लेखी विचारावा. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकात चालकाला ॲपवरून काढायचं तर चौदा दिवस आधी कारणासह लेखी कळवावं लागतं. पुण्यातल्या चालकांच्या संघटनेत भाऊ गेला तर तिथे याच मागण्या चालू असलेल्या त्याला दिसतील.

आणि चौदा तासांबद्दल. त्याला एक छोटी वही घेऊन द्या, डॅशबोर्डच्या खणात मावेल अशी. ॲप किती वाजता चालू केलं, पहिलं भाडं किती वाजता लागलं, मध्ये किती वेळ थांबला, रात्री किती वाजता बंद केलं, एवढंच रोज लिहायचं. हौन्स्लोच्या भाऊंना मी त्यांच्या वहीचं एक पान, नाव झाकून, इथे छापायची परवानगी विचारली आहे. मिळाली तर पुढच्या अंकात तुमच्या भावाला रकाने कसे आखायचे ते बघता येईल.